चेंडू मारतात हात, पण बळ पायांचे

बालरोगतज्ज्ञाने गोल्फवर लेख लिहावा, याचे आपल्या स्मरणिकेच्या वाचकांना नवल वाटेल. बडोद्यात लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातच गोल्फचे मैदान असले, तरी आपल्यापैकी बहुतेकांचा या खेळाशी संबंध दूरचित्रवाणीपुरताच. माझाही तसाच होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका शल्यचिकित्सक मित्राच्या आग्रहाखातर मी प्रथमच क्लब हाती घेतला. सारे बळ एकवटून फटका मारला. गवताचा तुकडा उडाला, चेंडू जागीच राहिला. दुसऱ्या दिवशी कंबर धरून दवाखान्यात बसलो असता मनात आले, ४६ ग्रॅमही न भरणारा हा चेंडू माणसाला एवढा का नमवतो?

याचे उत्तर शरीराच्या यांत्रिकीत आहे. नवखा खेळाडू चेंडू हातांनी मारू पाहतो. जाणकार मात्र तो जमिनीपासून मारतो. उजव्या हाताने खेळणारा आरंभी दोन्ही पायांवर जवळजवळ सारखा भार ठेवून उभा राहतो. क्लब मागे नेताना भार उजव्या पायाच्या आतील बाजूवर येतो, श्रोणी सुमारे ४५ अंश आणि खांदे सुमारे ९० अंश वळतात. या दोन वळणांतील फरकामुळे धडाचे स्नायू ताणले जातात. खरी मेख पुढे आहे. क्लब वर पोहोचण्याच्या सुमारासच कुशल खेळाडूचा भार डाव्या पायाकडे निघालेला असतो. पाय जमिनीला रेटतो, जमीन तितक्याच बळाने उलट रेटते, आणि तो वेग प्रथम श्रोणी, मग छाती, मग बाहू व शेवटी क्लब अशा क्रमाने चढत जातो. प्रत्येक भाग आपला वेग पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. खाली येण्याचा हा सारा प्रवास सुमारे पाव सेकंदाचा, तर चेंडू आणि क्लब यांचा स्पर्श अवघ्या अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो.

भार नेणे म्हणजे कंबर बाजूला सरकवणे नव्हे. श्रोणीने खुब्याच्या सांध्यांवर फिरले पाहिजे. खुबे आखडलेले असतील तर ते वळण कमरेच्या मणक्यांकडून वसूल केले जाते, आणि त्यांची घडणच वळण्यासाठी नाही. कमरेचे पाचही मणके मिळून एका बाजूस जेमतेम १० ते १५ अंश वळतात. छातीचे मणके त्याहून बरेच अधिक. टायगर वूड्ससारख्या असामान्य खेळाडूच्या पाठीवर २०१४ ते २०१७ या काळात चार शस्त्रक्रिया झाल्या. शेवटच्या शस्त्रक्रियेत दोन मणके सांधावे लागले. २०१९ मध्ये तो मास्टर्स स्पर्धा पुन्हा जिंकला खरा, परंतु पाठीने मागितलेली किंमत विसरता येत नाही.

आमच्या शाखेला हा विषय परका नाही. दोन-तीन वर्षांचे मूल चेंडू फेकते तेव्हा त्याचे पाय रोवलेले असतात, केवळ हात हलतो. पुढे धड वळू लागते. मग ते फेकणाऱ्या हाताच्याच बाजूचा पाय पुढे टाकते. साधारण सहा-सात वर्षांच्या सुमारास विरुद्ध पाय पुढे पडू लागतो. भार एका पायावरून दुसऱ्यावर नेण्याची विद्या मूल अशी खेळता खेळता आत्मसात करते. पन्नाशीत मी मैदानावर उभा होतो तो त्या दोन वर्षांच्या बालकाप्रमाणे!

हे सारे हसण्यावारी नेता आले असते. पण त्याच सुमारास गोल्फ शिकणारा चौदा वर्षांचा एक मुलगा कंबरदुखीसाठी माझ्याकडे आला होता. स्नायू दुखावला असेल असे समजून मी वेदनाशामक देऊन त्याला परत पाठविले. किती चेंडू मारतोस, हे विचारलेच नाही. सहा आठवड्यांनी तो पुन्हा आला. मागे वाकताना वेदना वाढत होती. एमआरआय तपासणीत कमरेच्या मणक्याच्या कमानीला ताणजन्य इजा आढळली. तो रोज दोनशेच्या वर चेंडू एकाच बाजूने मारीत होता. खेळ काही महिने बंद ठेवून, पुढे खुबे आणि धड यांचे व्यायाम करून तो बरा झाला. पहिल्याच भेटीत एक प्रश्न विचारला असता, तर त्याचे सहा आठवडे वाचले असते. ही चूक माझी होती.

म्हणून सहव्यवसायी मित्रांना विनंती, की वाढत्या वयातील खेळाडूची रेंगाळलेली कंबरदुखी ‘खेळताना लागले असेल’ म्हणून सोडून देऊ नये. पालकांना सांगणे असे, की लहान वयात मुलाला एकाच खेळाला जुंपू नये. धावणे, पोहणे, मल्लखांब, चेंडूफेक हे सारे त्याला मिळावे. आणि माझ्या वयाच्या मंडळींनी क्लब हाती घेण्यापूर्वी खुब्यांचे सांधे मोकळे करावेत. मीही आता तेच करतो. चेंडू अजून फार दूर जात नाही, पण दुसऱ्या दिवशी कंबर धरावी लागत नाही.