राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाचा जीर्णोद्धार

मुंबईची सहल निघाली की शिक्षक मुलांना भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेतातच. वाघ, पाणघोडा आणि पेंग्विन पाहून होईतो दुपार टळते, मुले दमतात, आणि बागेच्या दाराजवळची जुनी देखणी इमारत बाहेरूनच पाहून मंडळी परतीच्या वाटेस लागतात. ही इमारत म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड वस्तुसंग्रहालय. वस्तुसंग्रहालयाचा जीर्णोद्धार कसा करावा, याचा हा एक उत्तम नमुना आहे.

या संग्रहाला नाशाचा पहिला अनुभव प्रारंभीच आला. त्या वेळी तो कोटातील एका बराकीत होता. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत लष्कराला बराक हवी झाली. वस्तू घाईने बाहेर काढण्यात आल्या, आणि त्यांतील पुष्कळ नष्ट झाल्या. पुढे डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्या खटपटीने स्वतंत्र इमारतीसाठी लोकवर्गणी सुरू झाली. १८६२ मध्ये पाया घातला गेला. पण १८६५ मध्ये कापसाची तेजी ओसरून मुंबईतील पेढ्या बुडाल्या आणि काम रखडले. अखेर १८७२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. आरंभी त्यास व्हिक्टोरिया राणी व तिचे पती आल्बर्ट यांचे नाव होते. १९७५ मध्ये भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. हे गृहस्थ व्यवसायाने वैद्य. परंतु जुने शिलालेख वाचण्याचा त्यांचा व्यासंग मोठा होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दुर्लक्षामुळे इमारत जर्जर झाली होती. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात करार झाला, आणि विकास दिलावरी या वास्तुतज्ज्ञांच्या देखरेखीखाली काम सुरू झाले.

येथे जीर्णोद्धार या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. गावोगावी देवळाचा जीर्णोद्धार होतो तेव्हा कोरीव दगडावर तैलरंगाचे हात चढतात आणि गाभाऱ्यात स्नानगृहात शोभाव्यात अशा चकचकीत फरशा बसतात. भावना चांगली असते. देऊळ मात्र हरवते. भायखळ्यास याच्या उलट रीत अवलंबिली गेली. नवा रंग देण्यापूर्वी जुन्या रंगांचे थर खरवडून मूळ रंग कोणता होता हे पाहण्यात आले. छताची नक्षी आणि तिच्यावरील सोन्याचा मुलामा पुन्हा उजळला. बिडाचे खांब आणि सागवानी कपाटे टाकून न देता दुरुस्त करण्यात आली. कारण ती कपाटे हीदेखील संग्रहातीलच वस्तू होत. २००५ मध्ये युनेस्कोने या कामास आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार दिला, आणि २००८ च्या जानेवारीत संग्रहालय पुन्हा उघडले.

वस्तूंची निगा हा याहून नाजूक भाग. कोणत्याही संग्रहालयात दुरुस्तीपूर्वी प्रत्येक वस्तूस क्रमांक देऊन तिचे माप, छायाचित्र आणि व्यंग नोंदवावे लागते; नोंद नसेल तर हलवाहलवीत काय हरवले हेही कळत नाही. तुटलेला भाग जोडताना पुढे काढता येईल असेच द्रव्य वापरतात. प्रकाशाचे पथ्य तर फार कडक. प्रकाशाने कागद व कापड यांचे रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून अशा वस्तूंवर सुमारे ५० लक्स इतकाच मंद उजेड ठेवतात. भर दुपारच्या उन्हाचा उजेड १,००,००० लक्सच्या घरात असतो. दालनातील अंधुकपणा हा व्यवस्थापकांचा कंजूषपणा आहे, असे एखाद्या मुलास वाटल्यास शिक्षकांनी हे कारण अवश्य सांगावे.

विस्ताराची कथा वेगळी. मागील बाजूच्या पडीक जागा व बैठ्या इमारती नीट करून तेथे प्रदर्शने आणि मुलांचे उपक्रम सुरू झाले. हे काम लहान, परंतु उपयोगी पडले. उलट नव्या मोठ्या इमारतीसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, २०१४ मध्ये अमेरिकेतील स्टीव्हन हॉल यांचा आराखडा निवडला गेला, आणि दहा वर्षे लोटली तरी ती इमारत उभी राहिली नाही. दरम्यान जुन्या इमारतीस पुन्हा दुरुस्ती लागली. ती आटोपून २०२५ मध्ये दारे परत उघडली.

मुलांना आत काय दाखवावे? मातीच्या लहान मूर्ती प्रथम दाखवाव्यात. निरनिराळ्या जातींची व धंद्यांची माणसे, त्यांचे पोशाख, पागोटी आणि हत्यारे त्यांत हुबेहूब उतरली आहेत. मात्र माणसांची अशी जातवार मांडणी करणे ही त्या काळच्या राज्यकर्त्यांची दृष्टी होती, हेही वरच्या वर्गातील मुलांना सांगावे. आपल्या आजोबांचा धंदा त्यांत सापडतो का, हे शोधण्यात लहान मुले रमतील.

बाहेर दगडी हत्ती आहे. घारापुरीस परकीयांनी एलिफंटा हे नाव दिले ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडास नेण्याच्या प्रयत्नात यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे सुमारे ५० वर्षे तसेच होते. १९१४ मध्ये ते जोडण्यात आले.

सहलीचा दिवस ठरविताना बाग व संग्रहालय ही दोन्ही बुधवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे.