नाण्यावरचे हिरवे पुट घासू नका!

तांब्याचा गडू चिंच-मिठाने घासला की लखलखतो, हे घरोघरी माहीत आहे. म्हणून शेत नांगरताना किंवा विहीर खोदताना एखादे हिरवे-काळे पडलेले जुने नाणे सापडले, की पहिली आठवण चिंचेचीच होते. गड्याला चालणारा हा उपाय नाण्याला मात्र मारक ठरतो. असे का?

पुट म्हणजे मळ नव्हे

तांबे ओल्या जमिनीत शतकानुशतके पडून राहिले की त्याचे सावकाश ऑक्सिडीकरण होते. धातूला लागून क्युप्रस ऑक्साइडचा तांबडा थर बनतो. त्यावर पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्या क्रियेने मॅलॅकाइटचा हिरवा थर चढतो. या पुटाला ‘पॅटिना’ म्हणतात. त्यातील तांबे बाहेरून आलेले नसते, ते नाण्याचेच असते. त्यामुळे टाकसाळीत ज्या पृष्ठभागावर अक्षरे उमटली, तो पृष्ठभाग पुष्कळदा आता या पुटातच असतो. खालचा धातू खडबडीत झालेला असतो. पुट गेले की नाणे चकाकते, पण मुके होते.

एक प्रयोग करून पहा. काळ्या पडलेल्या तांब्याच्या तारेचे बरेचसे तुकडे थोड्या लिंबाच्या रसात चिमूटभर मीठ घालून बुडवा. तार उजळेल. आता तुकडे काढून त्याच रसात पॉलिश कागदाने घासलेला लोखंडी खिळा ठेवा. काही वेळाने खिळ्यावर तांबूस लेप दिसेल. हे तांबे आले कोठून? तारेवरच्या पुटातून! नाण्याच्या बाबतीत त्याबरोबर अक्षरेही रसात गेली असती.

तऱ्हाळ्याची साक्ष

वाशीम जिल्ह्यात मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा या गावी १९३९ साली सातवाहन राजांची सुमारे १६०० नाणी सापडली. ती ‘पोटीन’ची, म्हणजे तांब्यात कथील व शिसे मिसळलेल्या मिश्रधातूची होती. एका बाजूस हत्ती व राजाचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जैन चिन्ह. पुष्कळ नाण्यांवर नावाची काहीच अक्षरे उमटलेली होती. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी ती अक्षरे जुळवून वाचली, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत नसलेली नावे पुढे आली. एका अक्षराची झीजही तेथे केवढी महाग पडली असती!

घातक पुट

सगळेच पुट मात्र निरुपद्रवी नसते. नाण्यावर फिकट हिरवी, भुसभुशीत पूड दिसली तर सावध व्हावे. जमिनीतील क्षारांमुळे आत क्युप्रस क्लोराइड साठलेले असते. दमट हवेत त्यापासून हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होते. ते आणखी तांबे खाते, पुन्हा क्लोराइड बनते, आणि हे चक्र चालूच राहते. याला ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात. आपल्या विदर्भात उन्हाळ्यात स्वस्थ असलेले नाणे पावसाळ्यात पूड सोडू लागते, ते यामुळेच. मीठही क्लोराइडच आहे. म्हणजे चिंच-मिठाने आपण या रोगाचे बीच पेरतो.

मग करावे काय?

नाणे घासू नये, आम्लात टाकू नये. कागदी पाकिटात घालून, सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहिली की रोग जवळजवळ थांबतो. पीव्हीसीची पाकिटे टाळावीत, त्यांतूनही हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते. साफसफाई तज्ज्ञांवर सोडावी. ते सूक्ष्मदर्शकाखाली सुईने फक्त माती उकरतात आणि गरज पडल्यास बेंझोट्रायझोलचा संरक्षक लेप देतात.

नाणे कोठे, किती खोल आणि कशासोबत सापडले, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे. १८७८ च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. कळमेश्वर-काटोलकडच्या शाळांना तर १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय जवळच आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेथे जरूर न्यावे. तेथे जुनी नाणी पाहताना त्यांच्या चकाकीपेक्षा अक्षरांकडे पहा.