गाणे जगभर गेले, गाणारा बस चालवीत राहिला

वाचकहो, ११ फेब्रुवारी १९६३ या दिवशी लंडनच्या एका स्टुडिओत चार तरुण पोरे सकाळपासून रात्रीपर्यंत गात-वाजवीत होती. एका दिवसात दहा गाणी उरकायची होती. त्यांच्यातला जॉन लेनन याला सर्दी झालेली, घसा धरलेला. ही चौकडी म्हणजे बीटल्स. पुढे १९६८ साली हृषीकेशला येऊन राहिल्यामुळे आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही गाजलेली तीच मंडळी. त्या दिवशी लेननने बसक्या आवाजात जी गाणी म्हटली, त्यांत ‘अ‍ॅना’ नावाचे एक गाणे होते. ते गाणे त्याचे नव्हते. ते रचले होते आणि आधी गायले होते अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील एका काळ्या तरुणाने. त्याचे नाव आर्थर अलेक्झांडर.

बीटल्सचे नाव पोराटोरांना ठाऊक आहे. अलेक्झांडरचे नाव त्याच्या स्वतःच्या देशातही फार थोड्यांना सांगता येईल. म्हणून आज आम्ही त्याची आणि त्याच्या एका रेकॉर्डची हकीकत सांगणार आहोत.

अलाबामा म्हटले की आमच्या जुन्या वाचकांना मॉन्टगोमेरी शहर आठवेल. १ डिसेंबर १९५५ रोजी तिथे रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधली आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडायचे नाकारले आणि पुढचा सारा लढा पेटला. त्याच राज्याच्या वरच्या अंगाला, टेनेसी नदीच्या काठाने फ्लॉरेन्स, शेफील्ड, मसल शोल्स अशी लहान लहान गावे एकमेकांना चिकटून वसली आहेत. त्यातल्या शेफील्डला १० मे १९४० रोजी आर्थरचा जन्म झाला. बाप गिटार वाजवीत असे, पण गिटारीवर घर चालत नाही हे पोराने लहानपणीच पाहिले. चर्चमधली भजने म्हणणाऱ्या मुलांच्या टोळीत तो गायला शिकला. मोठा झाल्यावर हॉटेलात कामाला लागला. काम काय, तर आलेल्या पाहुण्यांच्या बॅगा उचलून खोलीपर्यंत पोचवायच्या. त्या काळी तिकडच्या गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्या माणसाला सामान उचलायची मुभा होती, खोली घेऊन राहायची नव्हती.

फ्लॉरेन्समध्ये एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर त्या दिवसांत गाणी लिहिणाऱ्या पोरांचा अड्डा जमे. दुकानदाराचा मुलगा टॉम स्टॅफर्ड गाण्याचा वेडा. अड्ड्यावरची बहुतेक पोरे गोरी, पण आर्थरला तिथे मज्जाव नव्हता. त्याची पहिली रेकॉर्ड ‘सॅली सू ब्राउन’ १९६० साली निघाली. तिच्यावर नाव छापले होते जून अलेक्झांडर. ज्युनिअरचे आखूड करून घरचे त्याला जून म्हणत. ती रेकॉर्ड आली तशी गेली, कोणाच्या लक्षातही राहिली नाही.

मग १९६१ साल उजाडले. हे वर्ष लक्षात ठेवा. मे महिन्यात अलाबामातच, अ‍ॅनिस्टन गावाजवळ, काळे आणि गोरे उतारू एकत्र बसून निघालेली बस जमावाने पेटवून दिली होती. त्याच वर्षी, त्याच राज्यात, मसल शोल्सच्या तंबाखूच्या एका जुन्या गोदामात रिक हॉल नावाच्या, गरिबीत वाढलेल्या गोऱ्या माणसाने रेकॉर्डिंगची यंत्रे मांडली आणि अलेक्झांडरला गायला उभे केले. बास गिटारवर नॉर्बर्ट पटनम, पियानोवर डेव्हिड ब्रिग्ज, ड्रमवर जेरी कॅरिगन. तिघेही गोरे आणि मिसरूड फुटल्याच्या वयाचे. एकत्र जेवायला बसले असते तर बाहेर गहजब झाला असता, पण गोदामात एकत्र वाजवायला कोणी आडवे आले नाही.

गाण्याचे नाव ‘यू बेटर मूव्ह ऑन’. मराठीत सांगायचे तर ‘तू आता आपली वाट धर’. विषय साधा आहे. एक गरीब तरुण एका मुलीवर प्रेम करतो. तिच्या मागे एक पैसेवाला लागला आहे. तो पैसेवाला दारात येऊन उभा राहतो आणि गरीब तरुण त्याला सांगतो की बाबा रे, तू तिला पुष्कळ काही देऊ शकशील, मी देऊ शकणार नाही, तरी तू जा. अलेक्झांडरच्या स्वतःच्या आयुष्यात हे घडले होते. त्याच्या मैत्रिणीचा आधीचा मित्र चांगल्या खात्यापित्या घरचा, आणि हा बॅगा उचलणारा.

आम्हाला या गाण्याचे मोठेपण वाटते ते त्याच्या आवाजात. तो ओरडत नाही, रडत नाही, मारामारीची भाषाही करीत नाही. बोलल्यासारखा, जरासा मागे सरून गातो. पण मागे सरतो तो आवाज, माणूस जागचा हलत नाही. पैसेवाल्याशी अदबीने बोलायची ज्याला रोजची सवय आहे, त्यानेच ती अदब न सोडता ‘जा’ म्हणावे, ही त्यातली गंमत. हॉटेलात पाहुण्यांशी बोलताना कमावलेला सूर त्याने इथे वापरला असावा, असा आमचा आपला तर्क आहे.

या धाटणीच्या गाण्यांना तिकडे ‘सोल’ म्हणतात. सोल म्हणजे आत्मा. आता आत्म्याचे आणि आमचे फारसे जमत नाही हे वाचक जाणतातच, पण नाव त्यांनी ठेवले, आपण काय करणार! काळ्या लोकांच्या चर्चमधली आळवणी आणि त्यांच्याच दुःखाची ब्लूज गाणी एकत्र येऊन, देवाच्या जागी माणसाच्या सुखदुःखाला हात घालू लागली, तेव्हा हे संगीत जन्मले. अलेक्झांडरच्या गाण्यात तर तिसरेही एक पाणी मिसळले आहे. रेडिओवर लागणारी गोऱ्या शेतकरी-मजुरांची कंट्री गाणी तो लहानपणापासून आवडीने ऐके. सरळ गोष्ट सांगायची त्याची रीत तिथली.

हॉलने ती टेप नॅशव्हिल शहरात दारोदार फिरवली. बऱ्याच कंपन्यांनी नको म्हटले. अखेर डॉट नावाच्या कंपनीने घेतली आणि १९६२ साली हे गाणे अमेरिकेच्या खपाच्या मुख्य यादीत २४व्या नंबरापर्यंत चढले. आलेल्या पैशातून हॉलने नवा पक्का स्टुडिओ बांधला. फेम त्याचे नाव. पुढे विल्सन पिकेट, अरिथा फ्रँकलिन, एटा जेम्स असे बडे गायक लांबून तिथे गायला आले. ती इमारत आजही उभी आहे. तिचा पहिला दगड अलेक्झांडरच्या गाण्याने बसवला, पण तिचे फळ त्याच्या वाट्याला आले नाही. कंपनीच्या माणसाने त्याला नॅशव्हिलला नेले आणि स्वतःची गाणी रचणाऱ्या या माणसाकडून दुसऱ्यांची गाजलेली गाणी गाऊन घेतली. त्याच्या पहिल्या मोठ्या रेकॉर्डमध्ये अशीच उसनी गाणी जास्त आहेत. आमच्या मते हा नुसता मूर्खपणा होता. त्यातूनही त्याचे स्वतःचे ‘अ‍ॅना’ १९६२ सालीच निघाले आणि काळ्या श्रोत्यांच्या यादीत १०व्या नंबराला गेले. यात पुरुष बाईला धरून ठेवत नाही. तुला दुसऱ्याबरोबर सुख वाटत असेल तर जा, असे तो तिलाच सांगतो. त्या काळच्या प्रेमगीतांत अशी समजूत विरळाच.

ही रेकॉर्ड इंग्लंडात पोचली आणि लिव्हरपूलच्या पोरांनी ती कान देऊन ऐकली. आम्हाला आर्थर अलेक्झांडरसारखे व्हायचे होते, असे बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी याने पुढे स्वतःच सांगितले. १९६४ साली रोलिंग स्टोन्स या दुसऱ्या इंग्रजी पार्टीने ‘यू बेटर मूव्ह ऑन’ गायले. १९८८ साली बॉब डिलनने ती विसरलेली ‘सॅली सू ब्राउन’ उचलली. बीटल्स, स्टोन्स आणि डिलन, तिघांनीही ज्याची गाणी आपल्या रेकॉर्डवर घेतली असा दुसरा गीतकार नाही, असे जाणकार सांगतात.

मग पैसा कुठे गेला? गाण्याचा पैसा दोन वाटांनी येतो. एक गाणाऱ्याचा, रेकॉर्ड खपल्यावर. दुसरा रचणाऱ्याचा, कोणीही ते गाणे गायले की. दुसऱ्या वाटेवर प्रकाशक बसलेला असतो आणि कागदावर सही करताना गीतकाराने काय सोडून दिले त्यावर सारे अवलंबून. हॉटेलातल्या विशीतल्या पोराला कागद कोण समजावून सांगणार? इतक्या गाजलेल्या गाण्यांचे त्याच्या हाती आले फारच थोडे. आपले शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात, त्यामुळे गाणे कोणीही म्हटले तरी रचणाऱ्याचे नाव त्याला घ्यावेच लागते. तिकडे रेकॉर्डच्या मधल्या कागदावर बारीक अक्षरांत ‘अलेक्झांडर’ एवढेच छापत. ते कोण वाचतो?

पुढची वर्षे ओढाताणीची गेली. १९७२ साली एका मोठ्या कंपनीने त्याची नवी रेकॉर्ड काढली. तिच्यात ‘बर्निंग लव्ह’ हे दुसऱ्या गीतकाराचे गाणे त्याने गायले होते. त्याच वर्षी ते एल्विस प्रेस्लेने गायले आणि ते त्याचेच होऊन बसले. १९७५ साली त्याचे स्वतःचे एक जुने गाणे ४५व्या नंबरापर्यंत चढले, पण पुढे काही झाले नाही. अलेक्झांडरने गाणे सोडले, ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरात राहायला गेला आणि एका समाजसेवा केंद्राची बस चालवू लागला. सकाळी उठायचे, बस काढायची, माणसांना नेऊन सोडायचे आणि परत आणायचे. अनेक वर्षे हाच त्याचा दिनक्रम होता. रेडिओवर बीटल्सचे ‘अ‍ॅना’ लागले तरी बसमधल्या कोणाला कळणार होते की स्टिअरिंगवर कोण बसले आहे!

१९९० नंतर काही कदरदानांनी त्याला शोधून काढले. बेन व्हॉन या संगीतकाराने त्याच्याकडून नवी रेकॉर्ड करून घेतली. ‘लोनली जस्ट लाइक मी’ या नावाने ती १९९३ साली बाहेर आली. आवाज पिकला होता, पण तोच तो मागे सरून बोलणारा सूर शाबूत होता. वर्तमानपत्रांनी वाखाणणी केली, पुन्हा कार्यक्रम मिळू लागले. आणि ९ जून १९९३ रोजी नॅशव्हिलमध्ये हृदयविकाराने तो गेला. त्रेपन्न वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी नामवंत गायकांनी त्याची गाणी गाऊन त्याला आदरांजली म्हणून एक आख्खी रेकॉर्ड काढली. २००० साली अलाबामा विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्याचे चरित्रही छापले.

आता त्याची गाणी मोबाईलवर फुकट ऐकता येतात. घरातल्या पोरांना लावून द्यायला सांगा. आधी त्याचे ‘अ‍ॅना’ ऐका, मग लेननचे. लेनन तळमळून गातो, घसा फोडून गातो. अलेक्झांडर अगदी खालच्या पट्टीत राहतो, म्हणून त्याचे गाणे भांडी वाजत असताना, टीव्ही चालू असताना ऐकू नका. रात्री सगळे निजल्यावर ऐका.