ओळख ऑनलाइन, संसार ऑफलाइन

नेटवर जुळलेलं नातं टिकतं का? ‘हो’ म्हणणाऱ्याला आणि ‘नाही’ म्हणणाऱ्यालाही संशोधनाचा आधार मिळतो.

स्टॅनफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल रोझेनफेल्ड यांच्या पाहणीनुसार, अमेरिकेत २०१७ साली जमलेल्या स्त्री-पुरुष जोड्यांपैकी सुमारे ३९ टक्के ऑनलाइन भेटल्या होत्या. ओळख करून देणाऱ्या मित्रमंडळींनाही नेटने मागे टाकलं.

पण पुढे काय? शिकागो विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांनी २०१३ मध्ये १९,१३१ विवाहित अमेरिकनांचा अभ्यास मांडला. ऑनलाइन भेटलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के जण विभक्त झाले होते, इतरांपैकी ७.७ टक्के. समाधानाचे गुणही ऑनलाइनवाल्यांचे किंचित जास्त, सातपैकी ५.६४ विरुद्ध ५.४८. या पाहणीचा खर्च मात्र जोडीदार शोधून देणाऱ्या एका संकेतस्थळाने उचलला होता, हेही ध्यानात ठेवायला हवं.

२०२५ मध्ये ५० देशांतल्या ६,६४६ जणांच्या अभ्यासाने नेमका उलटा कौल दिला: ऑनलाइन भेटलेल्यांमध्ये समाधान आणि प्रेमाची तीव्रता थोडी कमी.

मग खरं कोण? प्रश्न कोणाला विचारला, यावर उत्तर ठरतं. २०१३च्या पाहणीत फक्त बोहल्यापर्यंत पोचलेल्या जोड्या होत्या. वाटेत फिसकटलेल्या नात्यांची तिथे नोंदच नाही. शिवाय प्रत्यक्ष भेटणाऱ्यांचं कॉलेज, ऑफिस, मित्रपरिवार बऱ्याचदा एकच असतो. ते साम्यही नात्याला हातभार लावत असेल. दोन्ही अभ्यासांत दिसलेला फरक लहानच आहे. तेवढ्यावरून कुठल्याही जोडप्याचं भविष्य सांगता येत नाही.