तूस मिळेना? कोंबड्यांच्या गादीला सोयाबीनचं कुटारही चालतं

कोंबडीच्या शेडमध्ये गादी टाकायची म्हटलं की भाताचं तूसच आठवतं. पण भात पिकतो भंडारा-गोंदियाकडे, नाहीतर कोकणात. तिथून तूस वाशीम-लातूरला आणायचं तर गाडीभाडंच जड जातं. त्यात बॉयलरवाले आणि वीटभट्टीवालेही तेच उचलतात. इकडे मात्र मळणीनंतर सोयाबीनच्या कुटाराचे (काही भागात भुसकट म्हणतात) ढीग बांधावर पडून असतात. काही जण तर पेटवूनही देतात.

हेच कुटार गादीला चालतं. भुईमुगाची टरफलं, गव्हाचं काड, उसाचं पाचटही चालतं. मात्र काड-पाचट कुट्टी मशीनमधून इंचभर बारीक करून घ्यावं. लांब काड ओल नीट शोषत नाही आणि वर लगेच पापडी धरते. निम्मं तूस मिसळता आलं तर आणखी बरं.

खरा धोका बुरशीचा. परतीच्या पावसात भिजलेला ढीग वरून वाळलेला दिसतो. आत हात घातला की गरम लागतं, कुबट वास येतो. त्यातली अस्परजिलस बुरशी श्वासातून लहान पिल्लांच्या फुफ्फुसात जाते. पिल्लं चोच उघडी ठेवून धापा टाकतात आणि पहिल्याच आठवड्यात मरतूक सुरू होते. लागण झाली की औषधाचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून असं कुटार फुकट मिळालं तरी शेडमध्ये नको, खताच्या खड्ड्यात टाका. चांगलं कुटारही दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवूनच वापरा.

ब्रॉयलरला दोन ते तीन इंच थर पुरतो. सुरुवातीचे दोन-तीन दिवस वर कागद अंथरा, नाहीतर पिल्लं खाद्य सोडून कुटारच टिपत बसतात.

गादी ओली झाली का, हे मुठीत दाबून कळतं. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ओल जास्त आहे. थोडं चिकटून लगेच विस्कटलं तर बरोबर. ओल्या गादीत रक्ती हगवण पसरते आणि अमोनियाही वाढतो. त्याचा वास उभ्याने पटकन येत नाही, पिल्लांच्या उंचीला खाली बसून घ्यावा लागतो. डोळे चुरचुरले तर पडदे उघडा, गादी खालीवर करा. बहुतेक वेळा ओल पाण्याच्या भांड्याखालीच असते. तिथली भिजलेली गादी काढून कोरडी भरा.

बॅच गेल्यावर गादी शेणासोबत कुजवूनच शेतात टाका. ताजी टाकली तर पीक करपतं.