काडतुसांची पारख

धान्याचा व्यापारी पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढतो आणि तेवढ्यावरून साऱ्या पोत्याचा भाव ठरवितो. आमच्या मेडशीकडे हे दृश्य नित्याचेच आहे. बंदुकीच्या काडतुसांची पारखही ह्याच रीतीने होते. भेद इतकाच की, तपासलेला दाणा पुन्हा पोत्यात टाकता येतो. तपासलेले काडतूस मात्र उडून गेलेले असते.

पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली निघाला. अशा कारखान्यांत काडतुसे लक्षावधींनी तयार होतात. पितळी नळी, तिच्या बुडाची टोपी, दारू आणि गोळी हे काडतुसाचे चार भाग. नळीची लांबी-रुंदी मापाने तपासता येते. परंतु टोपी पेट घेईल की नाही, हे ती उडविल्यावाचून कळत नाही. टोपी पेटली नाही, तर बार फुकट जातो. दारू कमी पडली, तर गोळी बंदुकीच्या नळीतच अडकते, आणि पुढचा बार स्वतः सैनिकाच्याच जिवावर बेततो.

म्हणून एकाच घाण्याची दारू व एकाच प्रतीच्या टोप्या वापरून केलेल्या मालाचा एक गट मानतात, त्याला क्रमांक देतात आणि त्यातील काही काडतुसे उडवून पाहतात. आता गणित पाहा. गटात शेकडा एक काडतूस सदोष असेल आणि आपण १०० उडविली, तर एकही दोष न आढळण्याचा संभव शेकडा सुमारे ३७ असतो! ३०० उडविली, तर तो शेकडा सुमारे ५ वर येतो. लाखाच्या गटात शेकडा एक म्हणजे एक हजार काडतुसे होत.

अर्थात नमुन्याची परीक्षा ही शेवटची चाळणी होय. खरी राखण यंत्रापाशीच करावी लागते. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट ह्यांनी १९२४ साली ह्यासाठी आलेख सुचविला. मापे ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ लागताच यंत्र थांबवावयाचे, माल बिघडेपर्यंत थांबावयाचे नाही.

कारखान्याबाहेर पडल्यावरही पारख संपत नाही. वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी आगीने पंधराहून अधिक माणसे दगावली. तेथे साठविलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक द्रव्य पाझरत होते. गटाचा क्रमांक नोंदवहीत नीट असेल, तर असा सदोष माल नेमका ओळखून वेगळा काढता येतो. त्या क्रमांकाचे मोल एवढे मोठे आहे.