मॉनिटरवरील प्रकाशपट्टी : अल्प खर्चातील निवडीचे शास्त्रीय निकष

सारांश

संगणकाच्या पडद्याच्या वरच्या कडेवर बसविली जाणारी आणि ‘लाइट बार’ या नावाने विकली जाणारी एलईडी प्रकाशपट्टी अलीकडे अनेक अध्यापकांच्या टेबलावर दिसू लागली आहे. तिच्या किमतींत मोठी तफावत आढळते आणि जाहिरातींतील वैशिष्ट्यांची यादी निवडीस फारशी उपयोगी पडत नाही. प्रकाशाची दिशा, प्रदीपन, लुकलुक, रंगदर्शन आणि पट्टीची पकड हे मूलभूत निकष कोणते व ते घरच्या घरी कसे पडताळावेत, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. पट्टीची किंमत तिच्या सुविधांच्या संख्येवर न जोखता ती पडद्यावर प्रकाश न पाडता कागद उजळते की नाही, यावर जोखावी, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : प्रकाशपट्टी, प्रदीपन, चकाकी, लुकलुक, रंगदर्शन निर्देशांक, लेखन-वाचनाचे टेबल.

१. प्रस्तावना

गेल्या दोन-अडीच दशकांत महाविद्यालयीन अध्यापकाचे काम मोठ्या प्रमाणावर पडद्याकडे सरकले. मुंबई विद्यापीठाने २०१७ च्या उन्हाळी परीक्षांपासून उत्तरपत्रिकांची पडद्यावरील तपासणी सुरू केली. २०२० च्या महामारीने वर्गच पडद्यावर आणला. तरीही टेबलावरून कागद गेलेला नाही. अंतर्गत मूल्यमापनाच्या वह्या, प्रबंधाची छापील प्रत, ग्रंथालयातील जुने संदर्भग्रंथ आणि हाताने काढलेली टिपणे पडद्याच्या पुढ्यात असतातच. परिणामी डोळ्याला दर काही क्षणांनी स्वयंप्रकाशी पडद्यावरून परप्रकाशी कागदावर आणि पुन्हा पडद्यावर जावे लागते.

या दोन पृष्ठभागांच्या तेजस्वितेत मोठा फरक असेल तर डोळ्यांना थकवा जाणवतो. वयाचा भाग वेगळाच. चाळिशीनंतर जवळचे दिसण्याची क्षमता घटते. शिवाय बाहुली लहान व नेत्रभिंग पिवळसर होत गेल्याने साठीतील माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतील माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाशच पोहोचतो. विद्यार्थ्याला पुरेसा वाटणारा प्रकाश त्याच्या अध्यापकाला अपुरा वाटतो, तो या कारणाने. म्हणून टेबलावरील प्रकाश हा हौसेचा विषय न मानता कामाच्या साधनाचा विषय मानणे योग्य ठरते.

२. प्रकाशपट्टीची रचना व कार्यतत्त्व

सर्वसाधारण खोलीत छतावरील किंवा भिंतीवरील ट्यूबलाइट बसणाऱ्याच्या पाठीमागे अथवा डोक्यावर असते. ती पाठीमागे असल्यास तिचे प्रतिबिंब पडद्यात दिसते आणि बसणाऱ्याच्या डोक्याची सावली कागदावर पडते. टेबललॅम्प लावल्यास सावलीचा प्रश्न सुटतो. परंतु त्याचा प्रकाश सर्व दिशांना पसरल्याने काही भाग पडद्यावर पडतो, तेथील काळा रंग करडा दिसू लागतो आणि अक्षरांचा उठाव कमी होतो. लॅम्पच्या बैठकीने टेबलावरील जागा अडते, ती निराळीच.

प्रकाशपट्टी ही अडचण भूमितीच्या साहाय्याने सोडविते. साधारणपणे ४० ते ५० सेंटिमीटर लांबीची ही पट्टी मॉनिटरच्या वरच्या कडेवर, पडद्याच्या प्रतलाच्या किंचित पुढे बसते. तिच्यातील परावर्तक किंवा भिंग प्रकाशाला एका बाजूस, म्हणजे खाली व बसणाऱ्याच्या दिशेने वळविते. पडद्याकडे जाणारा प्रकाश मात्र रोखून धरते. या एकतर्फी प्रकाशवितरणाला असममित प्रकाशयोजना म्हणतात. पट्टीची सारी उपयुक्तता या एका गुणावर अवलंबून आहे. तो नसेल तर ती केवळ चुकीच्या जागी ठेवलेली लहानशी ट्यूबलाइट ठरते.

३. गरजेची निश्चिती

खरेदीपूर्वी कामाचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. ज्याचे काम जवळजवळ संपूर्णपणे पडद्यावरच चालते आणि ज्याच्या खोलीत पुरेसा सर्वसाधारण प्रकाश आहे, त्याला पट्टीचा लाभ अल्प होईल. कागद व पडदा दोन्ही समोर ठेवून काम करणाऱ्यास, किंवा घरातील इतरांची झोप न मोडता रात्री वाचन-लेखन करणाऱ्यास, तिचा खरा उपयोग आहे. टेबलावर प्रामुख्याने लॅपटॉपच असेल तर निर्णय बदलतो. लॅपटॉपचे झाकण पातळ असते, पट्टीच्या भाराने ते बिजागरीवर मागे कलू शकते आणि पडद्याची उंची कमी असल्याने प्रकाश कळफलकापलीकडे फारसा पसरत नाही. अशा ठिकाणी बाजूस ठेवलेला, मान वळविता येणारा साधा एलईडी टेबललॅम्प अधिक स्वस्त व अधिक उपयुक्त ठरतो.

४. निवडीचे निकष

४.१ प्रकाशाची दिशा. हा पहिला व अनिवार्य निकष होय. त्याची पडताळणी सोपी आहे. खोलीतील इतर दिवे मालवून पडद्यावर पूर्ण काळे चित्र ठेवावे आणि पट्टी पूर्ण तेजाने लावावी. पडद्याच्या वरच्या भागात पांढुरका पट्टा उमटल्यास प्रकाश पडद्यावर सांडत आहे, असे समजावे. पट्टी तिच्या अक्षावर थोडी फिरवूनही तो पट्टा न गेल्यास ती परत करावी. त्यानंतर नेहमीच्या खुर्चीत, नेहमीच्या पद्धतीने बसून पाहावे. एलईडीची ओळ थेट डोळ्यांना दिसत असेल तर डोळे दिपतात आणि पट्टीचा हेतूच विफल होतो. खुर्ची बुटकी व मॉनिटर उंच असेल तेथे हा दोष अधिक संभवतो. अध्यापक-कक्षात समोरासमोर टेबले असतील तर पलीकडच्या सहकाऱ्याच्या जागेवरूनही एकदा पाहून घ्यावे.

४.२ प्रदीपन. पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजतात. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन प्रकाश पडल्यास प्रदीपन एक लक्स होते. भारतीय मानक आयएस ३६४६ (भाग १) : १९९२ मध्ये सर्वसाधारण कार्यालयीन कामासाठी ३०० ते ७५० लक्स ही मर्यादा असून मधले मूल्य ५०० आहे. युरोपीय मानक ईएन १२४६४-१ मध्येही लेखन, वाचन व संगणककामासाठी ५०० लक्स हेच मूल्य दिले आहे. टेबलाचा कामाचा भाग सुमारे अर्धा चौरस मीटर धरल्यास ५०० लक्ससाठी २५० ल्युमेन प्रकाश तेथे पोहोचावा लागतो. पाच वॅटच्या चांगल्या एलईडी पट्टीस हे शक्य आहे. त्यामुळे अधिक वॅटचा आग्रह धरण्याचे कारण नाही. मात्र काही विक्रेते लक्सचा आकडा कोणत्या उंचीवरून मोजला ते सांगत नाहीत. उंचीच्या उल्लेखाशिवाय दिलेल्या लक्सच्या आकड्यास अर्थ नसतो.

येथेच पडद्याच्या तेजस्वितेचा मेळ घालता येतो. पांढरा कागद सुमारे ८० टक्के प्रकाश परावर्तित करतो असे मानल्यास ५०० लक्सखाली त्याची तेजस्विता प्रति चौरस मीटर सुमारे १२७ कँडेला येते. अनेक मॉनिटर पूर्ण तेजाला २५० कँडेला किंवा त्याहून अधिक तेजस्वी असतात. म्हणजे पट्टी लावल्यावरही पडदा पूर्ण तेजावर ठेवला तर तो कागदाच्या दुप्पट तेजस्वी राहतो. कोरा कागद पडद्याशेजारी धरावा, पडद्यावर कोरे पान उघडावे आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत पडद्याचे तेज कमी करावे. या कृतीला काहीच खर्च येत नाही, पण तिच्याशिवाय महागड्या पट्टीचाही लाभ अर्धाच मिळतो.

४.३ लुकलुक. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने त्यावर थेट चालणाऱ्या दिव्याचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-अधिक होऊ शकतो. यूएसबीवर चालणाऱ्या पट्टीला एकदिश प्रवाह मिळतो, म्हणून तिच्यात हा दोष सहसा नसतो. तिच्यातील लुकलुक मंदक परिपथातून येते. प्रकाश मंद करण्यासाठी एलईडी वेगाने चालू-बंद करण्याची पद्धत रूढ आहे. हा वेग कमी असल्यास लुकलुक डोळ्यांना प्रत्यक्ष दिसत नसली तरी काहींना डोकेदुखी वा थकवा जाणवतो. आयईईई १७८९-२०१५ या शिफारशीनुसार चालू-बंद होण्याची वारंवारता १२५० हर्ट्झच्या वर असल्यास धोका अल्प आणि ३००० हर्ट्झच्या वर असल्यास परिणाम नगण्य मानला जातो. पडताळणीसाठी पट्टी सर्वांत मंद करावी व तिच्याखाली पेन्सिल झपाट्याने हलवावी. पेन्सिलीच्या सुट्या सुट्या अनेक प्रतिमा दिसल्यास लुकलुक आहे. सलग धूसर पट्टा दिसल्यास निदान कमी वारंवारतेची लुकलुक नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहताना सरकते काळे पट्टे दिसणे हीदेखील तीच खूण होय.

४.४ रंग. रंगतापमान केल्व्हिनमध्ये सांगतात. २७०० केल्व्हिनचा प्रकाश पिवळसर, ४००० चा पांढरा आणि ६५०० चा निळसर असतो. दिवसा ४००० केल्व्हिनच्या आसपासचा आणि रात्री २७०० ते ३००० केल्व्हिनचा मंद प्रकाश सोयीचा ठरतो. दृष्टिपटलातील काही पेशी शरीराच्या दैनिक घड्याळाला प्रकाशाची वर्दी देतात, हे २००२ मध्ये स्पष्ट झाले. या पेशी निळसर प्रकाशास अधिक संवेदनशील असतात. रात्री पिवळसर प्रकाश निवडण्याचे कारण झोपेचे रक्षण हे आहे. निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात या प्रचाराला या पातळीच्या प्रकाशाबाबत आधार नाही. त्यामुळे ‘निळा प्रकाश-रोधक’ अशा शिक्क्यासाठी जादा पैसे देण्याचे प्रयोजन नाही.

रंग किती खरे दिसतात हे रंगदर्शन निर्देशांकावरून कळते. कार्यालयीन कामासाठी तो किमान ८० असावा. नकाशे, चित्रे, वनस्पतींचे नमुने किंवा जुनी हस्तलिखिते पाहणाऱ्याने ९० वा त्याहून अधिक निर्देशांकाची पट्टी घ्यावी. हा निर्देशांक आठ फिक्या रंगांच्या सरासरीवर आधारलेला असून त्यात गडद लाल रंगाचा समावेश नसतो. लाल शाईच्या खुणा फिकट दिसत असतील तर कारण येथे शोधावे.

४.५ पकड. पट्टीचा चिमटा बहुधा मागे लटकणाऱ्या वजनाच्या आधारे तोल सांभाळतो. आपल्या मॉनिटरच्या वरच्या कडेची जाडी पट्टीने मोजून ती विक्रेत्याने दिलेल्या मर्यादेत बसते का, हे पाहावे. वक्र पडद्यासाठी चिमटा निराळा लागतो. मॉनिटरवर कॅमेरा बसविलेला असल्यास दोन्हींना एकच जागा लागते, हे ध्यानात घ्यावे.

४.६ वीजजोडणी. पाच वॅटच्या पट्टीला ५ व्होल्टवर १ अँपिअर प्रवाह लागतो. यूएसबी २.० चे छिद्र प्रमाणानुसार ०.५ अँपिअर, तर यूएसबी ३.० चे ०.९ अँपिअर प्रवाह देते. त्यामुळे मॉनिटर वा लॅपटॉपच्या छिद्रात जोडलेली पट्टी पूर्ण तेज देईलच असे नाही; ती मध्येच मालवणे हा बहुधा पट्टीचा दोष नसून अपुऱ्या प्रवाहाचा परिणाम असतो. बीआयएस नोंदणी असलेला मोबाइलचा चार्जर वापरणे हा सुरक्षित मार्ग होय.

५. किंमत कशाची मोजावी

बेनक्यू कंपनीच्या ‘स्क्रीनबार’ने हा प्रकार परिचित केला; शाओमीने बिनतारी गोल कळ असलेली पट्टी आणली आणि त्यानंतर अनेक अल्पपरिचित नावांची उत्पादने बाजारात आली. नामांकित पट्टीची किंमत साध्या पट्टीच्या कित्येक पट असू शकते. या वाढीव किमतीचा काही भाग उत्तम प्रकाशवितरणासाठी असतो व तो सार्थ आहे. उरलेला भाग खोलीतील प्रकाशानुसार आपोआप तेज बदलणारा संवेदक, बिनतारी कळ आणि मागील भिंत उजळणारा दिवा यांसाठी असतो. ज्याच्या खोलीतील प्रकाश दिवसभर बदलत राहतो त्याला संवेदक उपयोगी आहे. रात्री ठरावीक वेळी बसणाऱ्याला नाही. पट्टीवरील स्पर्शकळ बिनतारी कळीचे काम भागविते. रंगीबेरंगी प्रकाश हा अभ्यासाच्या टेबलासाठी गुण नव्हे.

विभागासाठी किंवा ग्रंथालयासाठी अनेक पट्ट्या घ्यावयाच्या असल्यास केवळ ‘एलईडी मॉनिटर लाइट’ एवढाच उल्लेख करून दरपत्रके मागवू नयेत. असममित प्रकाशयोजना, ठरावीक उंचीवरील ५०० लक्स, ९० चा रंगदर्शन निर्देशांक, लुकलुकीची मर्यादा, कडेच्या जाडीची मर्यादा व परत घेण्याची मुदत या अटी मागणीपत्रात लिहाव्यात. अन्यथा सर्वांत कमी दर हाच एकमेव निकष उरतो, आणि मग पडद्यावर प्रकाश सांडणाऱ्या पट्ट्या वर्षभरात कपाटात जाऊन पडतात.

६. मर्यादा

पट्टी वाचकाच्या समोर असते, म्हणून गुळगुळीत कागदावरील तिचे प्रतिबिंब वाचकाच्या डोळ्यांत येते आणि अक्षरे धुवून निघाल्यासारखी दिसतात. चकचकीत कागदावरील ग्रंथ वा छायाचित्रे पाहावयाची असल्यास पुस्तक तिरके धरावे लागते किंवा बाजूने येणारा लॅम्पच बरा पडतो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने दिवा डावीकडे ठेवावा, ही जुनी शिकवण या बाबतीत आजही खरी आहे. तसेच पट्टी लावून बाकीची खोली अंधारी ठेवू नये. पडद्यामागील भिंत मंद का होईना उजळलेली असावी. डोळे कोरडे पडणे, चष्म्याचा क्रमांक बदलणे आणि तासन्‌तास एकाच अंतरावर पाहणे यांवर कोणतीही पट्टी उपाय नाही. तेथे विश्रांती व नेत्रतज्ज्ञ यांचाच आधार घ्यावा लागतो.

७. समारोप

वरील विवेचनावरून निवडीचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम गरज तपासावी, नंतर खोलीतील दिवे व पडद्याचे तेज सुधारावे आणि तरीही कागद अंधारा राहत असेल तर पट्टीचा विचार करावा. पट्टी निवडताना दिशा, लुकलुक, रंग व पकड या क्रमाने निकष लावावेत आणि सुविधांना शेवटचे स्थान द्यावे. परत करण्याची मुदत असलेल्या ठिकाणाहून घेतलेली, काळ्या पडद्याच्या व पेन्सिलीच्या कसोटीस उतरलेली साधी पट्टी ही त्या कसोट्यांस न उतरणाऱ्या महाग पट्टीहून निश्चितपणे श्रेयस्कर होय. या दोन्ही कसोट्यांना मिळून पाच मिनिटेही लागत नाहीत.